सत्कारानंतर वाजवणारा माणूस

आमच्याकडे वऱ्हाडात माणूस मोठा झाला की त्याला आधी खुर्चीवर बसवतात. मग शाल घालतात, नारळ देतात आणि त्याच्याविषयी दीड तास बोलतात. ज्या गोष्टीमुळे तो मोठा झाला, ती करून दाखवायला वेळ उरलाच तर पाच-दहा मिनिटं मिळतात. गायकाचं त्यात एखादं कडवं होतं, कवीची एखादी चारोळी होते. पुंडलिक होले यांची रचना पन्नास मिनिटांची होती, आणि सगळी पंचाईत इथूनच सुरू झाली.

ही पंचाईत मी फार जवळून पाहिली, कारण तिच्यात माझाही हात होता. मी अमरावतीला एका कॉलेजात मराठी शिकवायचो. खणखणीत आवाज, पाठ केलेली चार सुभाषितं आणि एकदा हातात आलेला माईक न सोडण्याची चिकाटी, एवढ्या भांडवलावर अमरावती-अकोल्यातले निम्मेअधिक समारंभ माझ्या सूत्रसंचालनाखाली पार पडत. पुंडलिकभाऊंचा पहिला सत्कार मीच चालवला. दुसराही. पुढे मोजणं सोडून दिलं.

बुटका, काटक माणूस. रंग काळ्या मातीचा, आणि अंगाच्या मानाने तळहात मात्र भलतेच रुंद. घराणं माळ्यांचं, शहराबाहेर दोन एकरांत वांगी, संभार म्हणजे कोथिंबीर, झेंडू, आणि पहाटे भाजीबाजारात जागा. भजनी मंडळात ढोलकी, मग लग्नांच्या ऑर्केस्ट्रात काँगो, मग कुठूनसा एक जर्मन सॅक्सोफोनवाला भेटला, एक बंगळुरूचा गिटारवाला भेटला, आणि आमचे पुंडलिकभाऊ वर्षातले चार महिने विमानात बसू लागले. त्यांच्या कार्डावर ‘जाझ फ्यूजन पर्कशनिस्ट’ असं छापलेलं असे. आमच्या गावाने ते कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि त्यांना तबलजी म्हणायला सुरुवात केली.

पहिल्या सत्काराला मीही माईकवरून ‘सुप्रसिद्ध तबलावादक’ असंच म्हणालो. शेजारून हळू आवाज आला, “सर, माह्याजवळ तबला नाही.”

“असू द्या,” मी माईकवर हात ठेवून म्हणालो. “लोकांना तबला समजतो.”

तबला खरंच नव्हता. ढोलकी होती, डफ होता, पाण्याचे दोन तांब्याचे गुंड होते, झांजा होत्या आणि एक बांबूचं टोपलं होतं. ते टोपलं सामान आणायला आणलंय असा आमच्या कार्यकर्त्यांचा समज झाला. त्यांनी त्यात आलेले सगळे नारळ आणि गुच्छ नीट रचून ठेवले. मंचावर अकरा पाहुणे. एकाने पुंडलिकभाऊंची तुलना जिल्ह्यातल्या कापसाशी केली. एक जण म्हणाला, मी याला लहानपणापासून ओळखतो, आणि शेवटपर्यंत त्यांना त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत राहिला. हे सगळं आटोपल्यावर मी जाहीर केलं की सत्कारमूर्ती आता दहा मिनिटांत आपली कला सादर करतील. पुंडलिकभाऊंनी खांद्यावरच्या शाली उतरवल्या, टोपल्यातले नारळ एकेक करून खुर्चीखाली ठेवले, टोपलं उपडं घातलं आणि वाजवायला बसले.

मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण त्या दिवशी अंगावर काटा आला होता एवढं आठवतं. सगळी वाद्यं एकदम भांडायला उठल्यासारखी वाजत होती, आणि तरी कुठे गोंधळ नव्हता. आवाज चढत चढत गेला, मग एकेक वाद्य गळत गेलं, आणि शेवटी काहीच उरलं नाही. पुंडलिकभाऊ डोळे मिटून बसले. डावा हात टोपल्यावर अधांतरी. सभागृहात शांतता झाली.

शांतता झाली म्हणजे कार्यक्रम संपला, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मी माईक उचलला. “वा, वा, क्या बात है! आता आभारप्रदर्शन...” टाळ्यांचा कडकडाट झाला. तो अधांतरी हात जरा वेळ तसाच राहिला आणि मग मांडीवर येऊन पडला.

चहाच्या वेळी मी त्यांना उत्साहाने विचारलं, “कसा झाला कार्यक्रम?”

“चांगला झाला,” ते म्हणाले. “पन सर, तुमी माह्या एकवीस मात्रा खाल्ल्या. अन् शेवटची थाप बी.”

मला वाटलं गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. हा माणूस सगळं मात्रांत मोजायचा. भाषणं, डॉक्टरकडची रांग, बायकोचा राग. “अध्यक्षानं आज हजारेक मात्रा खाल्ल्या,” असं ते शेतकऱ्याने डुकरांनी खाल्लेल्या पिकाबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्या दिवशी बशीत चहा ओतता ओतता त्यांनी मला त्यांची रचना समजावून सांगितली. तिचं नाव ‘हर्रास’.

“जाझ म्हंजे काय, थे लोकाईले समजत नाही म्हनतात. कावून समजत नाही? पहाटी मार्केटात हर्रास होते न, लिलाव? सारे एका वक्ती बोंबलतात. वांगेवाला वेगळा, मिरचीवाला वेगळा, अडत्या वेगळाच. पन भाव बरोबर ठरते. कोनी कोनाचं ऐकून नाही राह्यलं असं वाटते, अन् सारे ऐकून राह्यले असतात. बस, हेच जाझ. मी बारा वर्साचा होतो तवापासून ऐकून राह्यलो.”

“आणि ती शांतता?”

“मार्केट उठलं. माल गेला. मंग माय टोपलं उपडं करे अन् बुडावर एक थाप मारे, माती झडावी म्हनून. थे थाप आली का समजाचं, सारं इकलं, चाला घरी. माह्या उभ्या जिंदगीत त्याहून गोड आवाज मी आयकला नाही.” मग बशी खाली ठेवत म्हणाले, “जर्मनीत आयकली लोकाईनं. उभे राहून टाया वाजवल्या. पन त्याईले टोपलं काय समजन? ज्याईले समजन त्याईनं अजून आयकलीच नाही. एकडाव आपल्या गावात पुरी वाजवाची हाय मले. थापेसकट.”

एवढीच त्यांची मागणी होती. पन्नास मिनिटं, एकवीस मात्रांची शांतता आणि एक थाप. आमच्या दोन जिल्ह्यांना ती झेपली नाही.

अकोल्याला तर कहर झाला. कसल्याशा महोत्सवाचं उद्घाटन होतं आणि पुंडलिकभाऊंना पूर्ण एक तास देण्याचं लेखी आश्वासन होतं. दीपप्रज्वलनाला मंत्री उभे राहिले. समईच्या रोखाने मोठा स्टँडचा पंखा चालू होता, कारण मंत्र्यांना उकडत होतं. काडी पेटायची आणि विझायची. पंखा बंद करा असं मंत्र्यांपुढे म्हणण्याची कोणाची छाती होईना. आयोजक माझ्याकडे धावत आले, मी पुंडलिकभाऊंकडे धावलो. “वात पेटेपर्यंत काहीतरी वाजवा हो.” त्यांनी वाजवलं. काड्यांची अख्खी पेटी संपली, दुसरी आणायला माणूस पानठेल्यावर गेला, आणि तोवर हा माणूस तांब्याच्या गुंडांवर असं काही वाजवत होता की मागच्या रांगेत शेंगा खाणारे लोक खायचे थांबले. शेवटी कोणीतरी मंत्र्यांचीच शाल आडोशाला धरली आणि वात पेटली. टाळ्या पडल्या त्या वातीला. मी माईकवर “धन्यवाद, तबलजी,” म्हणालो आणि प्रास्ताविक सुरू केलं. त्यांचा तास पुढे कुठे गेला ते अजून कोणाला सापडलेलं नाही.

याउलट पुणे. पुण्यात त्यांनी ‘हर्रास’ पूर्ण वाजवली. मी तेव्हा मुलीकडे गेलो होतो म्हणून ऐकायला जाणार होतो, पण नातवाला ताप आला आणि राहिलं. परत आल्यावर मी विचारलं, “पुण्यात तर ऐकतात ना शांतपणे?”

“आयकतात. पन आयकल्यावर आयकलं म्हनून सांगतात बी.” तिथे म्हणे कार्यक्रमानंतर प्रश्नोत्तरं होती. एका बाईंनी विचारलं, हे टोपलं प्रतीकात्मक आहे का? हे म्हणाले, “नाही बाई, बांबूचं हाय.” त्यावर सगळे हसले, आणि आपण काय विनोद केला ते यांना कळलं नाही. एका गृहस्थांनी तुमची बोली जपा असं सांगितलं आणि लगेच त्यांचा ‘ण’ दुरुस्त केला.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा असे. टरबूज घ्यायचं तर सगळेच टिचकी मारून पाहतात, पण हा माणूस प्रत्येक टरबुजाला दोन्ही हातांनी वाजवायचा, मग दोन टरबुजं शेजारी ठेवून वाजवायचा, मग तिसऱ्यासाठी हात पुढे करायचा. टरबूजवाला ओरडायचा, “घेतं काय बाप्पा, का लगन लावतं त्याईचं?” एकदा अर्ध्या तासाने त्यांनी एक टरबूज निवडलं. घरी कापलं तर आतून पांढरंफटक. “गोड नाही, पन आवाज पाहा न सर,” असं म्हणून त्यांनी त्याचीच फोड खाल्ली. मलाही खावी लागली.

सत्कारांना ते नाही म्हणत नसत. वहिनी म्हणायच्या, “काहून जाता? शालीचा ढीग झाला घरात. भांडे पुसाच्या कामाच्या बी नाहीत, पानी ओढत नाही.” तर म्हणायचे, “एखांद्या डाव वाजवू देतीन.” या आशेवर हा माणूस वर्षानुवर्षं खुर्चीवर बसला, कुंकू लावून घेतलं, फोटोला नारळ आडवा धरला. मला आज वाटतं की आम्ही त्यांच्या त्या आशेचा अगदी सराईतपणे फायदा घेतला. तेव्हा मला तसं काहीही वाटत नव्हतं. मी प्रत्येक वेळी नवीन सुभाषित शोधण्यात गर्क असे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही अकोल्याचा एक सत्कार उरकून अमरावतीला परतत होतो. गाडी मूर्तिजापूरला थांबली ती थांबलीच. दुपारची वेळ. फलाटावर उतरून आम्ही बाकावर बसलो. त्यांचा हात एरवी बाकावर चालू असायचा, तो त्या दिवशी मांडीवर गप्प होता. मी सहज म्हणालो, “आज तबियत बरी नाही का?”

त्यांनी डाव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. “हे दोन मेले. चिमटा काढा.” मी काढला. ते माझ्याकडे पाहत राहिले. “काढला काय?”

नागपूरच्या डॉक्टरांनी मानेतली नस दबल्याचं सांगितलं होतं. ऑपरेशन करूनही बोटं परत येतील याची हमी नव्हती, आणि हळूहळू उरलेली बोटंही त्याच वाटेने जाणार होती. “उन्हाळाभर चालतीन म्हनते,” ते म्हणाले. जर्मनीला त्यांनी नाही म्हणून कळवलं होतं. मग म्हणाले, “सर, आता मीच माहा कार्यक्रम ठेवतो. हॉल मी घेतो. एप्रिलमंदी, रविवारी सकाळी अकराले, म्हंजे मार्केटातल्या बायाईले येता येइन. तुमी या. पन बोलू नोका.”

“मी काहीच बोलायचं नाही?”

“एक शब्द नाही.”

मला त्या क्षणी, खरं सांगतो, त्यांच्या बोटांपेक्षा माझ्या माईकचं दुःख जास्त झालं. गाडी सुटेपर्यंत मी रुसून बसलो होतो.

निमंत्रणपत्रिका छापून आली आणि गावात खळबळ माजली. तिच्यावर ठळक अक्षरांत होतं: ‘सत्कार होणार नाही. भाषण होणार नाही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणू नयेत.’ लोक मला विचारू लागले, भाऊ कोणावर नाराज आहेत? उमेदवारी तर मागत नाहीत ना? एका संस्थेच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, पत्रिका तीनदा वाचली आणि निष्कर्ष काढला, “आपण याचा सत्कार कमी केला. माणूस दुखावला आहे. तो नाही म्हणतो याचा अर्थ आपण स्वतः होऊन करायला पाहिजे.” हा निष्कर्ष एकट्या भाऊसाहेबांचा असता तर निभावलं असतं. पण तो साऱ्या गावाने स्वतंत्रपणे काढला होता.

रविवारी सकाळी हॉलच्या दारात वहिनी टेबल टाकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीतून शाल निघत होती. देवळाबाहेर चपला ठेवतात तशा वहिनी शाली जमा करत होत्या आणि चिठ्ठीवर नंबर लिहून देत होत्या. नारळांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. कोणी वाद घालू लागलं की म्हणायच्या, “जाताना घेऊन जा, भाऊ. चटनी करा घरी.”

मी पहिल्या रांगेत बसलो. शेजारी भाऊसाहेब. मागे प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार, आणि अगदी शेवटच्या रांगेत बाजारातून थेट आलेल्या सात-आठ बाया, पदराने घाम पुसत, मधोमध पुंडलिकभाऊंची यमुनामावशी. तिची आणि यांच्या आईची बाजारातली जागा चाळीस वर्षं शेजारी होती. पुंडलिकभाऊ मंचावर आले. मंचावर एकही खुर्ची नव्हती. माईकशिवाय, उभ्यानेच ते म्हणाले, “मंडयी, शेवटी एकदम सारं बंद पडन. कूलर बी बंद करू. थे संपलं असं नाही. टाया वाजवू नोका. मी सांगतलं का मंगच वाजवा.”

आणि त्यांनी ‘हर्रास’ सुरू केली.

त्या पन्नास मिनिटांचं वर्णन मी करणार नाही. आयुष्यभर वर्णनंच केली. फक्त सांगतो की मध्येच मला वांग्यांचा, ओल्या गोणपाटाचा वास आला, आणि मागे कोणीतरी बाई खुदकन हसली, जिथे अडत्याचा आवाज डफावर हुबेहूब निघाला तिथे. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी मिटून घेतली होती आणि उरलेल्यांवर काम चालवत होते. मग आवाज चढला, बाजार तापला, मग एकेक वाद्य गळू लागलं. वहिनींनी दारातून उठून दोन्ही कूलर बंद केले. एप्रिलच्या अमरावतीत कूलर बंद होणं म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पण कोणी हललं नाही.

शांतता. मी मनात मोजू लागलो. एक, दोन, तीन. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या मात्रा मोजत होतो.

सात मात्रांवर शेजारी हालचाल झाली. मला तेव्हा लक्षात आलं की भाऊसाहेब इतक्या उन्हाळ्यात गळ्यात शाल घालून बसले आहेत. ती त्यांची नव्हतीच, पुंडलिकभाऊंना घालायला आणलेली होती. पोशाख समजून वहिनींनी ती सोडली होती. मोकळी जागा दिसताच भाऊसाहेब शाल काढून उठले आणि मंचाकडे निघाले. मी त्यांच्या झब्ब्याचं मागचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जोर लावून खाली ओढलं. ते खुर्चीत बसले. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, त्यावर मी हात ठेवला. संस्थेत माझं जाणं-येणं त्या दिवसापासून बंद आहे.

एकोणीस, वीस, एकवीस. पुंडलिकभाऊंचा डावा हात उपड्या टोपल्यावर खाली आला. थाप वाजली. कोरडी, लहानशी, एकच.

कोणी टाळी वाजवली नाही. संपलं असं त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मला बोलायची बंदी होती. सगळा हॉल घामाने निथळत, शहाण्यासारखा पुढचं वाजण्याची वाट पाहत बसला. पुंडलिकभाऊ डोळे उघडून आपल्या बोटांकडे बघत होते. बोटांना काही कळलं नव्हतं. थाप बरोबर लागली की नाही याचीच त्यांना खात्री नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. त्यांनी मान वर केली आणि शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

यमुनामावशी उठली. तिने पदर खोचला. “चाला व माय,” ती शेजारणीला म्हणाली, आणि सगळ्या बाया उठल्या, चपला शोधल्या आणि दाराकडे निघाल्या. मागून एक प्राध्यापक कुजबुजले, “कार्यक्रम सोडून चालल्या. यांना काय कळणार जाझ!” पुंडलिकभाऊ त्या पाठमोऱ्या बायांकडे पाहत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. मग ते उठले, सगळी वाद्यं तिथेच टाकली, मंचाच्या पायऱ्या उतरले आणि आमच्यामधून चालत बायांच्या मागोमाग बाहेर गेले.

मी मागे गेलो. फाटकाशी ऑटोची वाट पाहत त्या सगळ्या उभ्या होत्या आणि हे त्यांच्यात, शर्ट ओला, पायांत काही नाही. मावशी त्यांना सांगत होती, “बरं वाजवलं रे पुंडल्या. पन टोपलं जराक जोरानं झटकलं तुनं. तुही माय हयूच झटके, हलक्या हातानं.”

पुंडलिकभाऊंनी डावा हात पाठीमागे घेतला.

“व्हय मावशी,” ते म्हणाले. “पुढच्या खेपेले हयू झटकतो.”